माझा ऑनलाइन पदवीला विरोध होता

नोकरी करणाऱ्या बाईनं ऑनलाइन पदवी करू नये, असं मी अनेक वर्षं ठामपणे सांगत आले. पतसंस्थेत नव्यानं लागलेल्या मुलींना सांगितलं, नात्यातल्या सुनांना सांगितलं, आमच्या गल्लीतल्या अंगणवाडी सेविकेलाही सांगितलं. शिकायचं तर घराबाहेर पडा, हजेरी घेतात तिथं जाऊन बसा. जून-जुलैत प्रवेशाचे दिवस आले की कुर्डुवाडीत मला कुणी ना कुणी हा प्रश्न विचारतंच आणि माझं उत्तर ठरलेलं असायचं. आता ते उत्तर मी देत नाही. मत हळूहळू बदललं, कुणाच्या भाषणानं नाही. ते कसं बदललं ते लिहिते, म्हणजे विचारायला येणाऱ्यांना नुसता निकाल मिळणार नाही, त्यामागचा हिशेबही मिळेल.

आधी विरोध का होता ते सांगते, कारण त्यातलं निम्मं मला आजही खरं वाटतं.

बारावी झाली आणि लग्न होऊन मी करमाळा तालुक्यातल्या गावातून कुर्डुवाडीत आले. नवरा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, घरात सासू-सासरे, पुढं दोन मुलं. पतसंस्थेत लिपिक म्हणून लागले तेव्हा पदवी नव्हती. बी.कॉम. केलं ते यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं. त्या विद्यापीठाचे उपकार आमच्यासारख्यांवर किती आहेत ते कधी कुणी मोजणार नाही. १ जुलै १९८९ ला ते नाशिकला सुरू झालं आणि प्रा. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, त्याआधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले. एवढा मोठा माणूस शेतकऱ्यासाठी, कामगारासाठी, बारावीला थांबलेल्या बाईसाठी विद्यापीठ उभं करायला गेला. पत्रानं शिकवणं दिल्लीत १९६२ पासून होतं, हैदराबादला १९८२ मध्ये देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठ निघालं, १९८५ मध्ये इग्नू आलं. पण मराठीतून, आपल्या तालुक्यातल्या महाविद्यालयात केंद्र देऊन, घरी वाचता येतील अशी पुस्तकं हातात ठेवून शिकवणं नाशिकनं केलं.

आमच्या अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्रं रविवारी असायची. पुस्तकांपेक्षा मला जास्त मिळालं ते त्या रविवारांतून. बाकावर माझ्या शेजारी एसटीतले एक वाहक, मागं होमगार्डमधला एक मुलगा, पुढं दोन अंगणवाडी सेविका आणि कापडदुकानात कामाला असलेली एक बाई. समंत्रक म्हणून येणारे सर आठवडाभर त्याच महाविद्यालयात शिकवून रविवारी पुन्हा आमच्यासाठी यायचे. मधल्या सुट्टीत डबे उघडायचे. कुणाच्या डब्यात शेंगाचटणी, कुणाच्या डब्यात कडक भाकरी. जमाखर्चाचं जे कोडं सरांकडून सुटायचं नाही ते कधी कधी वाहक सोडवायचे, कारण रोज रात्री तिकिटांचा हिशेब जुळवायची त्यांना सवय होती.

आणि त्या चार-पाच तासांत घरातलं कुणी मला हाक मारू शकत नव्हतं. आई कॉलेजला गेली आहे, एवढं एकच वाक्य मुलं दारावर आलेल्या प्रत्येकाला सांगायची. ज्या बाईला घरात आंघोळीलाही सलग पंधरा मिनिटं मिळत नाहीत, तिला हे वाक्य काय देऊन जातं ते तिलाच कळतं. शिकणाऱ्या बाईला सगळ्यात आधी उंबरा ओलांडता आला पाहिजे, ही माझी पक्की समजूत तिथं झाली.

मग करोना आला. घराघरांत मुलं मोबाइलवर शाळा शिकू लागली आणि त्या शाळेचं काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. त्याच सुमाराला विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२० चे नवे नियम आले. मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीनं मान्यताप्राप्त विद्यापीठातून घेतलेली पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची मानली जाईल, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. कागदावर बरोबरीची असेल, मी म्हणायचे, पण बाई स्वयंपाकघरात, मोबाइल डब्याला टेकवलेला, कुकरच्या शिट्ट्या आणि त्यात व्याख्यान. घर तिला सोडणार नाही आणि अभ्यास तिला सापडणार नाही.

अशात आमच्याच काउंटरवरच्या एका मुलीनं मला न विचारता ऑनलाइन पदवीला प्रवेश घेतला. घेतल्यावर पेढे घेऊन आली तेव्हा कळलं. मी म्हटलं, "अगं, पैसे फुकट घालवशील. सोलापूरला शनिवार-रविवार जायचं असतंस." ती म्हणाली, "ताई, शनिवारी आपली शाखा चालू असते, आणि रविवारी बाळाला कुठं ठेवू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या रविवारी माझ्या घरात सासूबाई होत्या, हे तोवर मी कधी हिशेबात धरलंच नव्हतं. तिच्या घरात ती, नवरा आणि नऊ महिन्यांचं बाळ. उंबरा ओलांडायची मुभा मला एका दुसऱ्या बाईच्या कष्टावर मिळाली होती.

तरी मत लगेच बदललं नाही. मी तिच्याकडे बघत राहिले. दुपारच्या जेवणात ती काहीतरी विचारायची. सुरुवातीला पुस्तकी. मग एकदा विचारलं, "ताई, आपल्या संस्थेला मागच्या वर्षी नफा झाला, मग मार्चमध्ये रोकड का कमी पडली?" हा प्रश्न मला कॅश सांभाळताना कितीदा पडला होता आणि मी तो साहेबांच्या टेबलावर ढकलून मोकळी झाले होते. ती मात्र रोख प्रवाहाचं पत्रक काढून बसली. नफा वहीत असतो आणि रोकड तिजोरीत, या दोन्हींमधलं अंतर तिनं कागदावर मांडून दाखवलं. तिला हे घरी, रात्री, बाळ झोपल्यावर, मोबाइलवर कळलं होतं.

पुढच्या वर्षी मी स्वतः ऑनलाइन एम.कॉम.ला नाव घातलं. तेव्हा सासरे अंथरुणाला खिळलेले होते, सासूबाई थकलेल्या, आणि दिवसभर सोलापूरला जाणं आता माझ्याच्यानं होत नव्हतं. शिवाय शाखाधिकारी व्हायची इच्छा होती, ती लपवत नाही.

ऑनलाइन म्हणजे सोपं, असं आपल्याकडे सर्रास मानतात, म्हणून इथं जरा आकडेमोड करते. दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणात एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचा ३० तासांचा अभ्यास, असा हिशेब धरतात. ८० श्रेयांकांची पदव्युत्तर पदवी म्हणजे २४०० तास. दोन वर्षांचे दिवस ७३०. भागाकार केला तर रोज सव्वातीन तासांहून जास्त येतात, आणि त्यात दिवाळी, लग्नकार्यं, तापाचे दिवस आणि ३१ मार्च सगळं धरलेलं आहे. रविवारी सुट्टी घ्यायची म्हटलं तर पावणेचार तासांच्या वर. नोकरी आणि घर सांभाळून हे तास दोन वर्षांत काढणारी माणसं आहेत, मी त्यांना हात जोडते. पण इग्नूसारखं विद्यापीठ दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी चार वर्षांपर्यंत पुरी करू देतं, त्या सवलतीचा कुणी संकोच बाळगू नये. मीही घाई केलेली नाही. सत्राचे दोन विषय मागं ठेवले, मार्चअखेर उरकला की घेतले.

व्याख्यानं इंग्रजीत. बी.कॉम. मराठीतून केलेल्या माझ्यासारखीला ही पहिली भिंत. पण वर्गात जे कधी करता आलं नसतं ते इथं करता आलं. मी थांबवत होते. मागं नेत होते. एक वाक्य परत परत ऐकून वहीत मराठीत उतरवत होते. वर्गात सर पुढं सरकले की राहिलेलं तसंच राहायचं, आणि हात वर करून विचारायला माझी जीभ रेटायची नाही. इथं प्रश्न लिहून विचारायचा असतो. रात्री शांतपणे दोन-तीनदा खोडून नीट लिहिलेला प्रश्न मी पाठवला, आणि दोन दिवसांनी दुसऱ्या राज्यातल्या मॅडमचं तपशीलवार उत्तर आलं. अनेक वर्षं गप्प बसलेल्या विद्यार्थिनीला लिहून बोलायची सोय झाली, तर हे लहान नाही.

पण माझं मत खऱ्या अर्थानं फिरलं ते अनुत्पादक कर्जाच्या धड्यावर. रिझर्व्ह बँकेचा नियम असा की हप्ता किंवा व्याज ९० दिवसांहून जास्त थकलं की ते कर्ज बँकेनं अनुत्पादक धरायचं, त्यावरचं न आलेलं व्याज उत्पन्नात घ्यायचं नाही आणि बुडण्याच्या शक्यतेसाठी तरतूद बाजूला काढायची. शेतीकर्जाला वेगळा हिशेब. कमी मुदतीच्या पिकाला दोन हंगाम, वर्षाहून जास्त मुदतीच्या पिकाला एक हंगाम. हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढं आमचे कर्जदार उभे राहिले. माढा तालुका उजनीच्या पाण्यावर ऊस पिकवतो. इथल्या माणसाचा हप्ता उसाच्या बिलावर असतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत कारखान्यानं पैसे द्यायला हवेत, आणि ते दर वर्षी सगळीकडे तसे मिळत नाहीत हे तालुक्यात कुणाला सांगावं लागत नाही. बिल अडकलं की दुकानदाराची उधारी अडकते, आणि दुकानदार आमच्याकडचा कर्जदार. त्यानं ऊस कधी लावलेला नसतो, पण त्याचं कर्ज उसाबरोबर थकतं.

आमच्याकडे थकबाकीदार म्हटलं की दोनच गोष्टी बोलल्या जातात. माणूस नियतीचा वाईट आहे, नाहीतर १०१ ची कारवाई करा. सहकार कायद्याच्या त्या कलमाखाली वसुलीचे प्रस्ताव मी स्वतः टाइप केले आहेत. धडा ऐकल्यावर मी आमच्या थकबाकीच्या याद्या परवानगी घेऊन पुन्हा काढल्या, नावं झाकली, आणि कोणत्या महिन्यात कुणाचं थकतं, कुणाचं कधी भरलं जातं हे मांडलं. काही खाती दर वर्षी ठराविक महिन्यांत लाल व्हायची आणि पुढं आपोआप जागेवर यायची. ती माणसं बुडवणारी नव्हती. त्यांचं उत्पन्नच आमच्या दरमहा हप्त्याच्या साच्यात बसत नव्हतं. उरलेली खाती मात्र खरोखर आजारी होती, आणि पहिल्यांच्या गर्दीत ती आम्हाला वेळेवर दिसत नव्हती. हे मी स्वाध्यायात लिहिलं. मॅडमनी शेरा मारला की यावर प्रकल्प करा. मी तो केला, आणि हप्ते हंगामाप्रमाणे बांधून द्यावेत अशी एक टिपणी आमच्या कर्ज समितीपुढं ठेवली. समितीनं काही खात्यांवर ते करून बघायचं ठरवलं आहे.

पहिल्या पदवीच्या वेळी मी अभ्यास नोकरीपासून जितका लांब ठेवता येईल तितका ठेवत होते. तो माझा स्वतःचा वेळ होता, त्यात काउंटर नको होतं. आता कळतं की काम करणाऱ्या माणसाकडे अशी एक गोष्ट असते जी पूर्णवेळ वर्गात बसणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलाला कोणतंही महाविद्यालय देऊ शकत नाही. धडा येण्याआधी त्याच्याकडे उदाहरण तयार असतं. सकाळी शिकलेलं दुपारी हाताखालून जातं. कर्ज-ठेव प्रमाण, म्हणजे आम्ही ज्याला सीडी रेशो म्हणतो, तो आकडा मी वर्षानुवर्षं तक्त्यात भरत होते. शंभर रुपये ठेवीतले किती कर्जात गेले आणि उद्या लग्नसराईत ठेवीदार एकदम आले तर हाताशी काय उरेल, हा त्या आकड्यामागचा जीव मला अलीकडे कळला. नोकरी सोडून शिकले असते तर कदाचित हा जीव कळलाच नसता.

कुर्डुवाडीत राहणाऱ्या माणसाला इथं बार्शी लाईट रेल्वे आठवल्याशिवाय राहणार नाही. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी इथून बार्शीला गाडी सुरू केली ती अडीच फुटी रुळांवर. पुढं ती पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली. मोठ्या लाईनच्या मानानं ती गाडी लहान दिसायची, पण कॅलथ्रॉपनी प्रत्येक आसावरचा भार पाच टनांच्या आत ठेवून हलक्या, स्वस्त रुळांवर भरपूर माल आणि माणूस नेता येतो हे करून दाखवलं. मोठ्या लाईनचा खर्च जिथं कुणी केला नसता तिथं ती पोचली. लातूरचा माल तिनं नेला, आषाढीचे वारकरी तिनं नेले. दोन हजार सालानंतर ती लाईन टप्प्याटप्प्यानं मोठी झाली. नोकरी करून ऑनलाइन घेतलेल्या पदवीकडे मी आता असं बघते. रूळ अरुंद आहे, भार वाटून घ्यावा लागतो, वेग कमी आहे, पण जाते ती त्याच ठिकाणी.

यातून कुणी असं समजू नये की आता कुणीही डोळे झाकून प्रवेश घ्यावा. तालुक्याच्या गावांत पदवी मिळवून देतो म्हणणाऱ्यांची दुकानं आहेत. परीक्षेला बसायची गरज नाही, असं सांगणारा माणूस तुम्हाला पदवी देत नाही, कागद विकतो. विद्यापीठानं आपलं केंद्र असं दुसऱ्याला चालवायला देणं आयोगाच्या नियमात बसतच नाही. विद्यापीठाचं आणि अभ्यासक्रमाचं नाव आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत, त्या वर्षासाठी आहे का, हे स्वतः बघावं. २०२४ पासून विद्यार्थ्याला याच विभागाचा स्वतःचा क्रमांक, म्हणजे डेब क्रमांक, काढावा लागतो. तो स्वतःच्या मोबाइलवरून काढावा, दुकानदाराच्या नाही. अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, कायदा या पदव्या या मार्गानं मिळत नाहीत. मिळतात असं कुणी सांगितलं तर तिथून उठावं.

आणि माझ्या जुन्या मतातलं जे निम्मं मी अजून सोडलेलं नाही, ते असं. व्याख्यान घरी येतं म्हणून घर अभ्यासाची जागा होत नाही. सुरुवातीचे काही महिने मी स्वयंपाकघरात बसून ऐकलं आणि मला जी भीती होती तेच झालं. कान व्याख्यानाकडे, हात कणकेत, आणि रात्री वही उघडली की कोरी. मग मी अभ्यासिकेत नाव घातलं. आपल्या गावांत आता स्पर्धा परीक्षा आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांसाठी अभ्यासिका निघाल्या आहेत. महिन्याचे पैसे भरायचे, टेबल, दिवा आणि शांतता मिळते. पहाटे मी तिथं जाऊन बसू लागले. एका मुलीनं विचारलं, "काकू, तुम्ही कसली तयारी करताय?" एम.कॉम. म्हटल्यावर तिनं आपली खुर्ची सरकवून मला चार्जरजवळची जागा दिली. घरी सांगून टाकलं, पहाटेचा चहा आणि सासऱ्यांचं पहिलं औषध माझ्याकडे नाही. नवऱ्यानं ते घेतलं. पहिल्या आठवड्यात कुरकुर झाली, ती मी ऐकून घेतली आणि निघत राहिले.

सगळ्या जणींना पहाटे अंधारात बाहेर पडणं जमत नाही, आणि अभ्यासिकेचे पैसेही सगळ्यांना परवडत नाहीत. म्हणून मला विचारायला येणाऱ्यांना मी आता दोन प्रश्न उलट विचारते. रोजचे कोणते तास तुझे आहेत, आणि त्या तासांत तू कुठं बसणार? याची उत्तरं घरच्यांसमोर, नवऱ्यासमोर, सासूसमोर ठरवून घे आणि मग फॉर्म भर. फी भरणारी सासरं पुष्कळ आहेत. दोन तास देणारी कमी आहेत. पदवी ऑनलाइन करायची की केंद्रावर जाऊन, हा मला आता दुय्यम प्रश्न वाटतो.

आमच्या शाखेच्या वर एक खोली आहे. संचालक मंडळाच्या बैठकीपुरती उघडते, एरवी बंद. तिथं खुर्च्या आहेत, पंखा आहे, इंटरनेट आहे. संध्याकाळी सहा ते आठ ती खोली नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी उघडी ठेवावी, असा अर्ज मी दिला आहे. त्यावर माझी आणि काउंटरवरच्या त्या मुलीची सही आहे, जवळच्या दवाखान्यात कामाला असलेल्या आणि ऑनलाइन बी.ए. करणाऱ्या एका मुलीची आहे, वर्कशॉपमधल्या एका अप्रेंटिसची आहे. आत बाळ आणलं तर चालेल, असंही त्यात लिहिलं आहे. वीजबिलाचा प्रश्न निघेल हे मला माहीत आहे, त्याचा महिन्याचा अंदाज मी अर्जाला जोडला आहे. मंडळाची बैठक पुढच्या महिन्यात आहे आणि त्या दिवशी मी रजा घेणार नाही.